कुणाला बोलत न्हाई

९ डिसेंबर २०२४, सोमवार. युसूफ वडगाव

खोली ताब्यात घेतली. एक पलंग, एक टेबल, दोन खिडक्या. त्यातली एक उघडत नाही; मला एक पुरते. खाली घरमालकीण वत्सलाबाई राहतात. दोन्ही वेळचा डबा त्याच देणार. सामान वर चढत असताना त्यांनी विचारलं, "एकल्याच का बाई? मागं कोन हाय?" मी म्हटलं, "मागं एक पेटी आहे. जीपमध्ये राहिली आहे."

काम काय आहे ते आजच लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला फसवता येणार नाही. १९८६ साली एम. डी. करताना मी केज तालुक्यात शिबिरं घेऊन चाळीस माणसं तपासली होती. विषय व्यक्तिमत्त्व विकार. हे वेड नव्हे. वेड लागतं, औषधाने उतरतंही. हा माणसाच्या घडणीतलाच बाक. विशीत दिसू लागतो आणि जन्मभर जात नाही, असं पुस्तकं सांगतात. खरंच जात नाही का? त्याच चाळीस माणसांना अडतीस वर्षांनी गाठून तपासायचं. फेब्रुवारीअखेर नागपूरला परिषद आहे, तिथे निबंध वाचायचा.

निवृत्त झाल्यावर सगळे म्हणाले, आता आराम करा. तो कसा करतात हे मी कुणाला विचारलं नाही.

११ डिसेंबर

मदतीला शिवकन्या मिळाली. गावची आशा कार्यकर्ती. चाळिशीची, फटकळ, चालायला वेगवान. यादी पाहून म्हणाली, "मॅडम, तुमी दिवाळीच्या आदी यायला पायजे होतं. आता निमं गाव ऊसतोडीला गेलंय. कारखाने बंद झाल्याबिगर कोनी येत न्हाई."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी कोनाला इचारलं?"

चाळीसपैकी नऊ वारले, चौदा उसाच्या फडावर, सहांचा पत्ता लागत नाही. उरले अकरा. अकरा तर अकरा.

तिला पद्धत समजावली. प्रत्येकाचा फॉर्म दोघांकडून भरायचा: एक ते माणूस स्वतः, दुसरा त्याला किमान दहा वर्षं जवळून ओळखणारा माहीतगार. स्वतःच्या स्वभावाबद्दल कुणीच खरं सांगत नाही, म्हणून.

"आन तुमचा फारम भरायचा म्हन्लं तर दुसरं कोन?"

"माझा भरायचा नाही."

"न्हाई, आपलं आसंच इचारलं."

१३ डिसेंबर

आज केस क्रमांक सात.

ही केस नसती तर मी कुणीच नसते. सत्यशीला. तेव्हा वय चोवीस, नांदूरघाटच्या एका बड्या शेतकरी घरातली सून. नवरा अंगदराव तिला शिबिरात घेऊन आला होता. तक्रार अशी की बायको घुमी आहे, घरात तोंड उघडत नाही. दोन तास तपासून मी निदान केलं: माणसांची ओढच नसलेलं, स्वतःत मिटलेलं व्यक्तिमत्त्व. तिच्यावरचा माझा लेख परदेशात छापून आला. त्यावर नोकरी, मग बढती, मग विभागप्रमुखपद. तीस वर्षं मी ती केस वर्गात शिकवली. नवऱ्याने दाखला मागितला तेव्हा तोही दिला होता. त्यात हे वेड नव्हे असं स्वच्छ लिहिलं होतं. पुढे काडीमोड झाला एवढं कानावर आलं. आता ती इथे, माहेरी आहे. भावाने घालून दिलेली पिठाची गिरणी चालवते.

गिरणीत गेले. बाई उंच, केस पांढरे की पिठाने पांढरे ते कळत नाही. मी नाव सांगितलं. तिने बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. रांगेतल्या दोघी डबे तिथेच ठेवून निघून गेल्या. मी अर्धा तास प्रश्न विचारले. तिने मानसुद्धा हलवली नाही. शेवटी एकच वाक्य: "तवा सांगितलं तेच."

अडतीस वर्षं, आणि तसूभर फरक नाही! खोलीवर येऊन लगेच निष्कर्ष लिहिला. कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं. कुणाला ते ठरेना, म्हणून निबंधाची पहिली दोन पानं लिहून काढली.

१९ डिसेंबर

केस बावीस, तानाजी. १९८६ मध्ये पराकोटीचा संशयी. भावाने दिलेलं पाणीसुद्धा आधी कुत्र्याला पाजायचा. आज बाजार समितीच्या गोदामावर राखणदार आहे. त्याच्याइतका भरवशाचा माणूस पंचक्रोशीत नाही म्हणतात. माझं ओळखपत्र त्याने तीनदा उलटून पाहिलं. निष्कर्ष: लक्षण कायम, उपयोग बदलला.

वत्सलाबाई आज म्हणाल्या, "बाई, डबा रिकामा वापस देऊ ने. चिमूटभर साखर तरी टाकावी." मी सांगितलं की डबा साबणाने धुतलेला असतो.

२४ डिसेंबर

एक विसंगती नोंदवायला हवी.

दुपारी गिरणीच्या मागच्या बोळातून येत होते. गिरणी चालू होती, त्यामुळे आतल्या बाया ओरडून बोलत होत्या. एक आवाज सगळ्यांच्या वर. "बारीक दळू का जाडं, ते मला इचारू नको सुभद्राबाई! नवऱ्याला दात किती राह्यलेत ते सांग, त्या मापानं दळते!" हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "दोन हायत, पर तेबी हालत्यात." तोच आवाज: "मंग त्याला पीठ कशाला, पेज पाज!"

मी वळसा घालून दारात गेले. बोलणारी सत्यशीला होती. मला पाहताच बटण बंद.

संभाव्य स्पष्टीकरण: रुग्ण केवळ तपासनिसासमोर मौन पाळतो. कारण अज्ञात. निबंधात तळटीप द्यावी लागेल.

२ जानेवारी २०२५

सकाळी दार वाजलं. पंचविशीच्या आतली एक मुलगी, पाठीवर सॅक, श्वास लागलेला. बीडला औषधनिर्माणशास्त्र शिकते. नाव संस्कृती.

"मॅडम, माझ्या आजीचा कागद तुम्हीच केलता ना?"

"कोणता कागद?"

"वेडीचा."

मी म्हटलं, "तो वेडीचा नाही. व्यक्तिमत्त्व विकाराचा आहे. या दोन्हींत मूलभूत फरक आहे."

"आमच्या घरात नाही फरक," ती म्हणाली.

मग बसून सगळं सांगितलं. सत्यशीलाला एक मुलगा, अभिमन्यू. कागद झाला तेव्हा सहा वर्षांचा. कोर्टात अंगदरावांनी माझा दाखला पुढे केला. न्यायाधीशांनी विचारलं, काही म्हणायचं आहे का? ती काहीच बोलली नाही. काडीमोड मिळाला, मुलगा बापाकडे राहिला, अंगदरावांनी दुसरी केली. अभिमन्यूला सांगितलं गेलं की आई वेडी आहे, जवळ गेलास तर विहिरीत ढकलेल. संस्कृती त्याची मुलगी. बीडला कॉलेजात गेल्यावर ती घरच्यांची नजर चुकवून एसटीने वडगावला आजीकडे येऊ लागली. चार वर्षं येते आहे.

आता तिचं लग्न ठरतंय. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं आहे की आजी वेडी होती. रक्तात असेल तर? अंगदरावांनी त्यावर तोडगा काढला: ती बाई आता आमची कुणी नाही, ती मांडवाच्या आसपास दिसणार नाही.

"लग्न मोडलं तर मोडू द्या, मॅडम. पण आजी मांडवात पाहिजे. नुसती येऊन कोपऱ्यात उभी राहायची नाही. पहिल्या ओळीत. तुम्ही तिला परत तपासलं ना? लिहून द्या की ती चांगली आहे."

मी सांगितलं, "तपासलं. माझ्या तपासणीत काही फरक आढळला नाही."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "तुमच्याशी कोण बोलंल?"

उद्धट मुलगी. पण मुद्देसूद बोलते.

९ जानेवारी

शिवकन्या उशिरा आली. डोळे सुजलेले. मी कारण विचारत नसते, तरी तिने सांगितलं. "सासू लई बोलली सकाळी. वांग्यात मीठ कमी पडलं म्हून माज्या मायबापापत्तुर गेली. मीबी बोलले मंग. मला आत्यासारकं न्हाई जमत."

"कोण आत्या?"

"सत्यशीला आत्या. सासूनं चटके दिले म्हन्तेत, पर उलटून शबुद न्हाई काढला कधी. आत्ताबी बगा, गिरनीत कोनी भांडाय आलं तर हसती नुसती. सगळ्या गावाला ठावं हाय. त्या कुनाला बोलत न्हाईत."

मी फॉर्म भरत होते. पेन तिथेच थांबलं.

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं आहे. हेच, याच शब्दांत. शिवकन्येला म्हटलं, आज काम नाही, घरी जा. ती म्हणाली, "बरं न्हाई का?" मी म्हटलं, "जा."

१० जानेवारी

पेटीच्या तळाशी १९८६ ची टिपणवही होती. पेन्सिलीने लिहिलेली, अजून वाचता येते. मी रुग्णाचे शब्द मराठीत टिपत असे आणि समोर इंग्रजीत केस लिहीत असे. पान एकेचाळीस.

माझा प्रश्न: घरात कुणाकुणाशी बोलता?

तिचं उत्तर: "मी कुनाला बोलत न्हाई."

समोर इंग्रजीत, माझ्या सुबक अक्षरात: रुग्ण कुणाशीही संभाषण करत नाही.

"सासू लई बोलती." समोर: सासू बोलकी आहे, घरातून संवादाचा पुरेसा प्रयत्न होतो.

"लगीन झाल्यापून ठरिवलं, बोलायचंच न्हाई. मायनं सांगितलंय." समोर: मौन स्वेच्छेचं आहे, बालपणापासून घरातली तशीच शिकवण.

पान तीनदा वाचलं. कुणाशी बोलणं वेगळं आणि कुणाला बोलणं वेगळं, हे मला ठाऊक नव्हतं का? माझी आईदेखील मला बोलायची, आणि चांगली बोलायची. पण पुण्याहून इकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक गोष्ट हेरली होती: इकडचे लोक "त्याच्याशी बोललो" म्हणत नाहीत, "त्याला बोललो" म्हणतात. ते मी हुशारीने लक्षात ठेवलं होतं. त्या हुशारीने घात केला. ती सांगत होती, मी कुणाला टाकून बोलत नाही, सगळं सोसते. आणि मी लिहीत होते की हिला माणसं नकोत.

कोर्टातही ती तेच करत राहिली. गप्प. आणि माझ्या दाखल्याने त्या गप्प राहण्याला नाव देऊन ठेवलेलं होतं.

१८ जानेवारी

आठ दिवस काही लिहिलं नाही. काही घडलं नाही.

विचार असा केला: निदान एका वाक्यावर होत नसतं. नवऱ्याची साक्ष होती. तिचा चेहरा निर्विकार होता. तेव्हाची साधनं अपुरी होती. त्या काळी कुणीही हेच निदान केलं असतं.

सगळी वाक्यं खरी आहेत. सकाळी लिहिली, दुपारी वाचली. विद्यार्थ्याने असं लिहून आणलं असतं तर मी वही फेकून दिली असती.

२४ जानेवारी

परिषदेच्या कार्यवाहांना फोन केला. माझ्या हाताखालीच शिकलेला माणूस. म्हणाला, "मॅडम, एक केस गाळा. बाकी निबंध उत्तम आहे. कुणाला कळणार?"

मी म्हटलं, "एकीचं उत्तर मी चुकीचं ऐकलं. बाकीच्या एकोणचाळीस जणांचं बरोबर ऐकलं, हे तुला कुणी सांगितलं?"

तो म्हणाला, "मॅडम, या वयात कशाला?"

निबंध मागे घेतला. ज्या नियतकालिकात लेख आला होता त्यांनाही पत्र पाठवलं. दोन्ही कामांना मिळून एक तास लागला. अडतीस वर्षांच्या मानाने फारच थोडा वेळ.

३ फेब्रुवारी

दाखला लिहिला. मराठीत. चार कागद फाडले, कारण प्रत्येक वेळी मधे कुठेतरी "तत्कालीन परिस्थितीत" येत होतं. शेवटी उरलं ते असं:

"१९८६ साली मी सत्यशीलाबाईंच्या स्वभावात विकार असल्याचा दाखला दिला. तो चुकीचा होता. त्या काय म्हणाल्या ते मला समजलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. त्यांना तेव्हा कोणताही विकार नव्हता, आज नाही. चूक सर्वस्वी माझी आहे."

खाली सही, नोंदणी क्रमांक.

घेऊन गिरणीत गेले. तिने बटण बंद केलं. मी वाचून दाखवलं; तिची केस तीस वर्षं वर्गात शिकवली, तेही सांगितलं. ती पिठाचे हात झाडत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हे मला कावून वाचून दावता? मला ठावंच हाय की. नांदूरघाटला वाचा."

इतकी वाक्यं ती या खेपेस माझ्याशी प्रथमच बोलली. त्यातलं प्रत्येक योग्य होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज नांदूरघाट. मुलाकडची मंडळी लग्नाच्या याद्या करायला येणार होती. संस्कृतीने तीच वेळ ठरवून दिली. गावातल्या बंकटची जीप केली. सत्यशीला आली, पण म्हणाली, "मी गाडीतच बसनार. त्या उंबऱ्यात पाय ठेवनार न्हाई." रस्त्यात कुणी कुणाशी बोललं नाही.

मोठी ओसरी, चाळीसेक माणसं, पांढऱ्या कपड्यांतले अंगदराव मध्यभागी. पासष्टीचे असतील. राजकारणात मुरलेले. मला ओळखून उठून उभे राहिले. "या मॅडम, या! तुमचं नाव या घरात देवासारकं घेत्यात." आत जाऊन स्वतः कागद घेऊन आले. प्लास्टिकच्या पाकिटात, एक घडी नाही. माझीच सही, तेव्हाची, टोकदार.

मी उभं राहून नवा दाखला वाचला. तेव्हा ती काय म्हणाली होती आणि मी काय लिहिलं, तेही सांगितलं. आवाज वर्गात लागतो तसा लागला.

अंगदराव हसून म्हणाले, "मॅडम, तवा येक लिव्हलं, आता येक लिव्हता. उद्या तिसरं लिव्हताल. आमी कंचं खरं धरायचं?"

"ज्यात माझं नुकसान आहे ते."

त्यावर मुलाकडचे आजोबा, आश्रुबा, एवढा वेळ सुपारी कातरत होते, त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "अंगदराव, बाई सोताच्या तोंडानं चुकले म्हन्ती. आमच्या ऐंशी वर्सांत डागदर चुकला म्हनल्याला पयल्यांदा बगितला. आन सून सासूला उलटून बोलत नव्हती, हा जर रोग आसंल, तर त्यो आमच्या घरात येऊ द्या की! आमच्यात दोन सुना हायत, दोगी ठनठनीत." बायकांच्या बाजूने खसखस आली. आश्रुबा पुढे म्हणाले, "आजी कुटं हाय पोरीची?"

संस्कृती म्हणाली, "बाहेर. गाडीत."

"मंग आमी मांडवात कुनाच्या पाया पडायचं? गाडीच्या?"

मी निघाले. अंगदराव अंगणापर्यंत सोडायला आले. चौथऱ्यापाशी थांबून हळूच म्हणाले, "मला तवाच ठावं होतं, तिला काय झालं न्हाई ते. पर तुमी लिव्हलं. येवडी शिकली बाई लिव्हती म्हनल्यावर मीबी खरं मानलं. सोपं गेलं." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड एकदम म्हातारं दिसलं. प्लास्टिकचं पाकीट त्यांच्या हातातच होतं. मी ते काढून घेतलं.

जीपपाशी अभिमन्यू उभा होता. चव्वेचाळीस वर्षांचा, कानाजवळ पांढरा. काचेला हात लावून नुसता उभा. "आत चलती का?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "लग्नाला येते. जेवला का तू?" तो म्हणाला, "व्हय." तेवढंच.

गाडी गावाबाहेर पडली आणि ती सुरू झाली.

जसं आठवतं तसं लिहून ठेवते. तिच्याच शब्दांत. समोर काही लिहिणार नाही.

"तुमाला कळलं न्हाई तर इचारायचं व्हतं की! पुना इचारायचं. मी काय पळून चालले व्हते? समूर तर बसले व्हते. बाईमानूस डागदर हाय म्हून मला केवडा आनंद झालता. तुमी खाली मुंडी घालून लिवत व्हत्या. येकदा वर बगितलं न्हाई. मला वाटलं, बाई किती मन लावून लिवतीया, आपलं चांगलंच लिवत आसंल. पोरगं मांडीवर रडत व्हतं, तर तुमी म्हन्ल्या, याला भायेर न्या, आयकू येत न्हाई. भायेर नेलं ते नेलंच! आज गाडीच्या काचंतून बगितलं मी त्याला. जेवला का, इतकंच सुचलं. चव्वेचाळीस वर्साच्या बाप्याला काय इचारत्यात, तेबी मला ठावं न्हाई. त्याच्या लग्नात मी गावच्या येशीवर हुबी व्हते, वाजंत्री आयकत. आन तुमी? तुमी साळंत पोरांना माजं सांगत व्हत्या व्हय? तीस वर्सं? मी कशी मुकी हाय ते?"

मी म्हटलं, "हो."

"अगं, लाज न्हाई वाटली का तुला? शिकून का माती केली? मी जलमात कुनाला बोलले न्हाई, सासूला न्हाई, त्या मान्साला न्हाई, आन आज तुला बोलतीया बग. बोलनार. गप बसायचं. केज येईस्तवर बोलनार."

केज मागे पडलं तरी बोलतच होती. मी मधे काही म्हटलं नाही. तिचं बरोबर होतं आणि शिवाय तिने थांबावं असं मला वाटत नव्हतं. का ते सांगता येत नाही. मध्येच ती मला "तुमी"वरून "तू"वर आली, ते अखेरपर्यंत. रागात माणसाचं भान सुटतं.

उतरताना मी विचारलं, "मला क्षमा करणं शक्य आहे का?"

"न्हाई," ती म्हणाली. आणि चालू लागली.

बंकट गाडी वळवताना म्हणाला, "मॅडम, मावशीला इतकं बोलताना सबंद गावात कोनी आयकलं न्हाई. तुमी नशीबवान."

याचा अर्थ मला लागला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

संस्कृतीचं लग्न. पत्रिका आली होती. रुग्णाच्या घरच्या कार्याला जाणं व्यवसायाच्या शिस्तीत बसत नाही. गेले नाही. सगळी गल्ली गेली. दिवसभर खाली कुणी भांडं वाजवलं नाही. उघडत नाही ती खिडकी उघडायचा प्रयत्न करून पाहिला.

संध्याकाळी वत्सलाबाई लाडूचा द्रोण घेऊन वर आल्या. सत्यशीला पहिल्या ओळीत होती. अभिमन्यूने हात धरून आणली. आश्रुबा सगळ्यांदेखत पाया पडले. मुलीने पाठवणीच्या वेळी आजीला मिठी मारली ती सोडेना. "तुमी का आल्या न्हाईत, बाई? सत्यशीला आत्या दोनदा म्हन्ली, ती कुटं हाय म्हून."

"बसत नाही," मी म्हटलं.

"कुटं बसत न्हाई? लई जागा होती की."

२५ फेब्रुवारी

निर्णय: चैत्रापर्यंत इथेच राहायचं. फडावरचे चौदा जण परत येतील. त्यांना आणि बाकीच्या सगळ्यांना पुन्हा भेटायचं. निबंधासाठी नव्हे. एकेकाला विचारायचं: तुम्ही असं म्हणाला होता, त्याचा अर्थ काय? मग उत्तर ऐकून पुन्हा विचारायचं. यात नाव होण्यासारखं काही नाही. विषय एवढाच उरला आहे.

इतके महिने दुसऱ्याचा डबा खाणं बरं नाही. म्हणून काल एक किलो ज्वारी आणली, आज सकाळी गिरणीत नेली. भाकरी येत नाही, येईल. आठ-दहा डबे रांगेत होते. मी माझा शेवटी ठेवला आणि उभी राहिले. या वेळी तिने बटण बंद केलं नाही. त्यामुळे ओरडून बोलावं लागलं.

"किती हाय?"

"एक किलो."

"येवडंसं? कुनासाठी?"

"एकटीसाठी."

तिने डब्यात हात घालून ज्वारी वरखाली केली. "येकटीपुरतं दळन न्हाई दळत मी. जात्याच्या दगडाला बी लागायचं न्हाई, सगळं आतच ऱ्हाईल." मग मागे न बघता म्हणाली, "वत्सलाच्या डब्यात वत. दोगींचं संगं दळते. घरी जाऊन वाटून घ्या."

मी सांगितलं की असं केलं तर कुणाचं पीठ कोणतं ते नंतर वेगळं करता येणार नाही. तिला ऐकू गेलं नसावं. माझा डबा तिने माझ्या हातातून घेतला आणि ओतला.